मी वगळलेला रविवार

शालोमकाका,

तुमच्याविषयी मी याच मासिकात अर्धंच लिहिलं होतं. राहिलेलं तुम्ही मागितलंत, तेही फार नाही, एक ओळ. ‘पुढच्या अंकात बघू,’ असं मी म्हणाले. त्यानंतर दोन अंक निघाले आणि तिसऱ्याच्या आधी तुम्ही गेलात. आता संपादक म्हणतात, लागतील तेवढी पानं घ्या. एका ओळीला जागा नाही म्हणाले होते, ती मीच.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगणार आहे. कारण हे वाचणाऱ्यांनी तुम्हाला फक्त माझ्या लेखात पाहिलं आहे, आणि त्या लेखातला माणूस तुम्ही नव्हे.

दुबईतल्या त्या कोशर किचनमध्ये मी पहिल्यांदा आले ती हायजीन ऑडिटला. हातात थर्मामीटर, डोक्यावर जाळीची टोपी. कोपऱ्यात साठी उलटलेले एक गृहस्थ दिव्याच्या काचेवर कोबीचं एकेक पान धरून बघत होते. मी इंग्रजीत विचारलं, सर, आपण कुठल्या डिपार्टमेंटचे? तुम्ही पानावरची नजर न काढता मराठीत म्हणालात, “अळ्यांच्या.” माझ्या बॅजवरचं आडनाव तुम्ही आधीच वाचलं होतंत.

“तुम्ही मराठी?”

“मग कोण? रेवदंड्याचा.”

“पण इथे तर ज्यू सुपरवायझर असतो असं सांगितलं होतं...”

“मग? ज्यूंना गाव नसतं का गं?”

तुम्ही तिथले मश्गिआख होता. म्हणजे जे शिजतंय ते यहुदी धर्मशास्त्राला चालेल असंच शिजतंय ना, हे बघणारा माणूस. पालेभाजीत किडा नाही, अंड्यात रक्ताचा ठिपका नाही, मांसाची लाल मुठीची भांडी आणि दुधाची निळ्या मुठीची भांडी कधी एकत्र झाली नाहीत. आणि सकाळचं पहिलं काम, शेगड्या, ओव्हन, धुरीचं कपाट, सगळं तुमच्या हाताने पेटवणं. आग यहुदी माणसाने लावायची. पुढे शिजवणारा कोणीही चालतो. शिजवणारे होते लल्लनभाई आणि त्यांच्या हाताखालचे दहा-बारा जण, बिहारचे, नेपाळचे, केरळचे, पहाटे मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पमधून कंपनीच्या बसने येणारे. ते तुम्हाला माचिसचाचा म्हणत. “यल्ला चाचा, माचिस!” अशी हाक आली की तुम्ही लायटर घेऊन एकेका बर्नरपुढे वाकायचात.

बाहेर काउंटरवर न्यूयॉर्कची डेली होती, म्हणजे तिथल्या पद्धतीचं सँडविचचं दुकान. राय ब्रेडमध्ये बोटभर जाडीचं पास्त्रामी, म्हणजे धुरी दिलेलं बीफ, शेजारी काकडीचं आंबट लोणचं. रोज कोणीतरी त्यात चीज मागायचं आणि रोज नाही ऐकून वैतागायचं. आत मात्र वेगळीच गंमत होती. दहा दिवस खारवून, मिरी-धने थापून, धुरी देऊन ते पास्त्रामी तयार करणारे लल्लनभाई बीफ खात नव्हते. त्यावर पहारा करणारे तुम्हीही खात नव्हता. “आमच्या कायद्याला गाय चालते,” तुम्ही सांगितलंत, “पण गावात आम्ही कधी खाल्ली नाही. शेजार होता.” लल्लनभाई बोटाने दाबून सांगायचे झालं की नाही, तुम्ही वासावरून, आणि चव घ्यायला कोट्टायमच्या बिजूला बोलावलं जायचं. “बिजू, बोल!” बिजू तोंडात तुकडा घालून डोळे मिटायचा आणि तुम्ही दोघं निकाल ऐकायला उभे राहिल्यासारखे उभे.

मी एकदा तुम्हाला डिवचलं होतं. “काका, ह्यात ज्यू नक्की काय आहे? पास्त्रामी तुर्कांकडून रुमानियात आलं, तिथून अमेरिकेत. बेगलचा पाव पोलंडचा. लोणचं कोणाचंही. तुमचं स्वतःचं काय?”

तुम्ही अंडी फोडत होता. एकेक अंडं काचेच्या पेल्यात फोडायचं, उजेडात धरून बघायचं, मग मोठ्या भांड्यात ओतायचं.

“आमचं म्हणजे जे काढून टाकलं ते,” तुम्ही म्हणालात. “जिथे गेलो तिथलं शिजवायला शिकलो. त्यातलं चालत नाही ते काढलं. पोलंडमध्ये डुकराची चरबी काढली, हंसाची घातली. कोकणात मटणातून दही-तूप काढलं, नारळाचं दूध घातलं. आमची शेजारीण आईला विचारायची, तुझ्या रश्शाला वेगळी चव कशी गं? नारळ तिच्याच झाडाचा, मिरची तिच्याच दारातली. आई सांगायची, मी काय घालत नाही ते तुला ठाऊकच आहे.”

हे मी वहीत लिहून घेतलं. तुम्ही सांगितलेलं सगळं मी लिहून घ्यायची. गावात तुमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथला घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे, ते. उपासाच्या आधी घरोघर वालाचं बिरडं व्हायचं म्हणून त्या सणाचं नावच बिरड्याचा सण, ते. जगभरचे ज्यू नवं वर्ष मधात बुडवलेल्या सफरचंदाने सुरू करतात आणि तुमच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात तासन्‌तास घाटतात, ते. हलव्याची वडी तुम्ही मला टिश्यूपेपरात बांधून दिली होतीत आणि म्हणालात, “इथल्या रब्बायला सांगितलं तर तो म्हणतो, असला पदार्थ पुस्तकात नाही. मी म्हटलं, पुस्तक लिहिणारा रेवदंड्याला आला नसेल.”

युद्धावर आपण एकदा बोललो. तुमचा भाचा इस्रायलमध्ये अश्दोदला आहे. मी जे बोलायचं ते बोलले, तुम्ही ऐकून घेतलंत, मग तुम्ही बोललात ते मी ऐकून घेतलं नाही. ते भांडण मिटलं नाही आणि मिटल्याचं मी इथे दाखवणार नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तुम्ही म्हणालात, “चल, तुला माझं हॉटेल दाखवतो.” टॅक्सीत तुमच्या मांडीवर पिशवी होती. त्यात पंच्यात गुंडाळलेलं पातेलं, सुरी, लाकडी फळी, तुमचं ताट, मोहरीच्या तेलाची सीलबंद बाटली आणि अख्खा हमूर मासा, खवल्यांसकट. खवले डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुम्हाला मासा चालायचा नाही. मुहैस्नाहच्या कॅम्पच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला तुम्हाला बघून नुसता हसला, म्हणजे ही पहिली वेळ नव्हती.

सामाईक स्वयंपाकघरात ओळीने शेगड्या. लल्लनभाईंनी एक धुऊन पुसून ठेवली होती. “आइए चाचा, उद्घाटन कीजिए.” तुम्ही गॅस पेटवलात, दोन पावलं मागे सरलात आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसलात. त्यानंतर कशालाही हात लावला नाहीत. मासा लल्लनभाईंनी कापला, मसाला त्यांनी घातला, मीठ त्यांच्या अंदाजाने पडलं.

“म्हणजे तुम्ही नुसता गॅस पेटवायला आलात?” मी विचारलं.

“गॅस पेटवला म्हणून त्याच्या हातचं खाता येतं. नाहीतर हा शिजवणार आणि मी बघत बसणार.”

“चाचा का परमिट है ये, मॅडम,” लल्लनभाई म्हणाले.

मग खोलीत वर्तमानपत्रं पसरून आपण अकरा जण गोल बसलो. पातेलं मध्ये होतं. लल्लनभाईंनी तुमच्या ताटात वाढलं आणि तुम्ही जेवलात. मोहरी तुमच्या नाकात गेली, डोळ्यांना पाणी आलं. “अरे लल्लन, मारेगा क्या!” “मरद का खाना है, चाचा!” सगळी खोली हसत होती. मीही हसत होते. मीही जेवले.

आणि तीन आठवड्यांनी मी लेख लिहिला, ‘गॅस कोणी पेटवायचा?’

लेखात पहाटेची बस होती, बारा जणांचे घामेजलेले गणवेश होते, धुरीच्या कपाटापुढे भाजलेले हात होते. आणि एक म्हातारा होता, ज्याचं काम एवढंच की आग त्याने लावायची, कारण बाकीच्यांनी लावली तर अन्न बाटतं. ‘सोवळ्याने आता पासपोर्ट काढला आहे,’ असं एक वाक्य होतं. ते लोकांनी फार उचललं. ते वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या, इतका आनंद झाला होता.

माझे बाबा पत्रकं काढायचे हे तुम्हाला सांगितलं होतं. विहिरीवरच्या बंदीविरुद्ध, देवळाच्या बंद दाराविरुद्ध, गावजेवणातल्या वेगळ्या पंगतीविरुद्ध. अर्धा कागद, एक मुद्दा, खाली ‘वाचा आणि पुढे द्या’. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या थप्प्यांवर. सातवीत असताना त्यांनी मला प्रूफ बघायला बसवलं तेव्हा पहिली सूचना दिली: वाक्य ‘पण’ने सुरू होत असेल तर खोडायचं, ते जागा खातं आणि समोरच्याला पळवाट देतं. त्यांच्या समोर गावाचे पुढारी होते. त्यांना पळवाट द्यायची नव्हती, हे मला आजही मान्य आहे. माझ्या समोर तुम्ही होता. माझ्या वहीत तो रविवार दीड पान भरून होता, तारखेसकट, आणि त्याची सुरुवात ‘पण’ने होत होती.

मी तो खोडला. विसरले नव्हते, काका. त्या रविवारामुळे लेखाचा मुद्दा मरत होता, म्हणून मी रविवार मारला. तुमच्या आईने रश्शातून जे काढलं ते शेजारणीला ठाऊक होतं. मी जे काढलं ते माझ्या एकाही वाचकाला कळायला मार्ग नव्हता.

लेखाचं कोणीतरी हिंदी केलं आणि पंधरा दिवसांत ते लल्लनभाईंच्या फोनवर पोचलं. ते कोणालाच काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी म्हणाले, खोलीत पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी कॅम्पमध्ये पाणी नव्हतं. तिसऱ्या रविवारी तुम्ही विचारलंच नाहीत. आणि सकाळी “यल्ला चाचा, माचिस” बंद होऊन “सर, गॅस” सुरू झालं. मी ऑडिटला आले होते तेव्हा ते माझ्या कानांवर पडलं. मी फ्रीजचं तापमान लिहीत होते. चार अंश. बरोबर होतं.

त्या दिवशी तुम्ही मला ड्राय स्टोअरमध्ये गाठलंत.

“लेख वाचला. चांगलं लिहितेस.”

“काका, तुमचं नाव नाही घातलं मी.”

“नाव कशाला लागतंय? अख्ख्या दुबईत रेवदंड्याचे मश्गिआख किती?”

मला राग आला. आपण चुकलो आहोत असं आत कुठेतरी कळलं की मला राग येतो. “मी खोटं काय लिहिलंय ते सांगा.”

“खोटं काही नाही. एक ओळ कमी आहे.”

“नियम तर आहे ना? तो मुळात कशासाठी केला?”

“दुसऱ्यांच्या पंगतीला फार बसू नये, सोयरिकी होऊ नयेत, म्हणून. खोटं कशाला बोलू? त्यासाठीच केला होता.”

“मग?”

“मग त्याच नियमात राहून मी लल्लनकडे जेवलो. तू होतीस तिथे.”

मी मैद्याच्या पोत्यांवरची एक्स्पायरी डेट वाचत राहिले. मग तुम्ही जे बोललात ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “आणि सोवळ्यावरच लिहायचं असेल तर ये, बस, मी सांगतो. आमच्या समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल होते, बाहेरच्या बायकांपासून झालेले ते काळे. माझ्या चुलत्यांच्या घरी काळ्यांना वेगळ्या पितळीत वाढायचे आणि ती पितळी गोठ्यात ठेवायचे. आमच्या कुठल्याही कायद्यात नाही ते. ते आम्ही गावाकडून शिकलो, तुमच्याकडून. मी लहान होतो, मी स्वतः ती पितळी आणून दिली आहे. ते लिही. माझ्या नावासकट लिही. पण लल्लनची ती एक ओळ घाल गं. माझ्यासाठी नाही. तो मला सर म्हणतो.”

स्वतःविरुद्धची साक्ष तुम्ही माझ्या हातात ठेवत होता, आणि मी मनात हिशोब करत होते की दुरुस्ती छापली तर लोक सगळाच लेख सोडून देतील.

“पुढच्या अंकात बघू, काका.”

“बरं. इन्शाल्ला.”

इथे इन्शाल्ला दोन प्रकारे म्हणतात. होईल या आशेने, आणि होणार नाही हे ओळखून. तुमचं दुसऱ्या प्रकारचं होतं.

जानेवारीत मला फ्लू झाला. तुम्हाला तोंड दाखवायला नको म्हणून मी कोणालाच कळवलं नव्हतं, तरी डिलिव्हरीवाल्याबरोबर तुमचा डबा आला. कोंबडीचं पातळ सूप, त्यात मात्झाच्या, म्हणजे बिनखमिराच्या पोळीच्या, चुऱ्याचे पांढरे गोळे. बरोबर चिठ्ठी होती, तुमच्या तिरक्या अक्षरात: ‘अमेरिकेत ह्याला ज्यूंचं पेनिसिलीन म्हणतात. गरम पी. गोळे लल्लनने वळलेत, गॅस मी पेटवला.’ मी ते सूप प्यायले, घाम आला, झोपले, बरी झाले. चिठ्ठी काय सांगत होती तेही मला कळलं. आणि बरी झाल्यावर मी दुसऱ्याच विषयावर लेख लिहिला.

मग तुमच्या मुलीचा फोन आला. शब्बाथला तुम्ही तिच्याकडे मोहम्मद बिन झायद सिटीला गेला होता. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. तिने तुमच्या फोनमधले सगळे नंबर लावले होते, त्यात माझा. नाव सांगितल्यावर ती म्हणाली, “तुम्ही त्या लेखवाल्या ना?” मी हो म्हणाले. तिने कुठे यायचं ते सांगून फोन ठेवला. मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

तुम्हाला रेवदंड्याला न्यायचं होतं. विमानाने मयत पाठवायची तयारी मुहैस्नाहलाच होते, लल्लनभाईंच्या कॅम्पपासून पाच मिनिटांवर. मी पोचले तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसले होते. किचनचे आठ जण होते, गणवेशातच, शिफ्टच्या ब्रेकमध्ये आलेले. तुमची मुलगी आत कागदांवर सह्या करत होती. मी लल्लनभाईंच्या शेजारी बसले आणि जे तुम्हाला सांगायला हवं होतं ते त्यांना सांगितलं.

“लल्लनभाई, वो संडे मैंने जानबूझकर नहीं लिखा.”

“मालूम है मॅडम. हम वहीं थे ना.”

“आपको तो सच पता था. फिर चाचा को आने से मना क्यों किया?”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“छपा हुआ था, मॅडम,” ते म्हणाले. “गाँव में बड़ी जात के बाबू लोग भी कभी-कभी हमारे बीच हँस के बैठ जाते थे. तो हम सोचे, चाचा का बैठना भी वैसा ही रहा होगा, हम ही गलत समझे. आप पढ़ी-लिखी हैं. आपके पिताजी हमारे जैसे लोगों के लिए लिखते थे, आप ही बताई थीं. हम सोचे, आपको कुछ दिखा होगा जो हमको नहीं दिखा.”

काका, मला वाटत होतं की ते तुमच्यावर रागावले. ते तुमच्यावर रागावले नव्हते. त्यांनी स्वतःच्या जिभेवर, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं होतं, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवण्यासाठी. बाबांनी आयुष्यभर ज्यांच्यासाठी पत्रकं काढली तो माणूस माझ्या शेजारी टोपी गुडघ्यावर घेऊन बसला होता, आणि मी त्याच्याकडून त्याचा रविवार काढून घेतला होता.

नियम मला अजून पटलेला नाही. कोणी आग लावली यावर कोणी काय खावं हे ठरू नये, असं मी तुमच्याशी भांडले असते, आजही भांडेन. तुम्हाला त्याची हरकत नव्हती. तुम्हाला भांडण हवं होतं, फक्त सगळं टेबलावर ठेवून. गोऱ्या-काळ्यांचं ते तुम्ही सांगणार होता आणि मी ऐकायला बसले नाही. तो लेख आता कोणी लिहू शकणार नाही. ती पितळी कोणाच्या हाताला लागली, ते घर कुठल्या आळीत होतं, जेवणाऱ्याचं नाव काय होतं, सगळं तुमच्याबरोबर गेलं. एका चांगल्या वाक्याच्या नादात मी एक खरा लेख घालवला. तुमचं माझ्यावर प्रेम होतं हे मला कळत होतं, म्हणून तर मी तुम्हाला थांबायला लावलं. परक्या माणसाला मी लगेच उत्तर दिलं असतं.

हे लिहून झाल्यावर छापायला पाठवण्याआधी मी ते गेल्या रविवारी दुपारी लल्लनभाईंच्या खोलीत नेलं आणि हिंदी करत करत वाचून दाखवलं. कोणी मला माफ केलं नाही, कोणी बोल लावला नाही. बिजूला पास्त्रामीचा भाग आवडला. माझ्या ‘पासपोर्ट’च्या वाक्यावर एकाने पुन्हा वाचा म्हटलं आणि ऐकून मान खाली घातली. वाचून झाल्यावर लल्लनभाईंनी एकच दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं, त्यांनी वाढलं आणि तुम्ही जेवलात.

“इतना नहीं चलेगा, मॅडम. लिखिए कि चाचा दू बार लिए थे. दूसरी बार हम पूछे नहीं थे.”

तर ती ओळ लिहिते, काका. तुम्ही दोनदा घेतलंत. दुसऱ्यांदा लल्लनभाईंनी विचारलंही नव्हतं, तुम्ही स्वतःहून ताट पुढे केलंत.